तिसऱ्यांदा विचारल्यावर

दाव्याचे कागद घेऊन आलेल्या माणसाला मी कॉफी विचारली, ही माझी पहिली चूक, असं माझा मेहुणा व्हर्लिन अजूनही म्हणतो. म्हणू दे. बाहेर पारा शून्याच्या खाली वीस, दारात उभ्या माणसाच्या भुवयांवर बर्फ धरलेला, आणि मी त्याला कॉफीसुद्धा विचारू नये? तो कशासाठी आलाय हे मला ठाऊक नव्हतं हे खरं. पण ठाऊक असतं तरी विचारली असती. मिनेसोटात, त्यातून नॉर्डबीसारख्या गावात राहायचं तर एवढं करावंच लागतं.

"नको, नको, मी निघालोच," तो म्हणाला.

"अर्धा कप तरी."

"खरंच नको. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला? केलेलीच आहे."

"बरं, तुम्ही एवढा आग्रहच करताय तर," असं म्हणून तो बूट काढून आत आला.

आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणाऱ्या माणसाला हावरट समजतात आणि दुसऱ्यांदा हो म्हणणाऱ्याला उतावळा. तिसऱ्यांदा मात्र हो म्हणायचंच असतं. तिसऱ्यांदाही नको म्हटलेलं मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. माझ्या आजोबांच्या काळात एका शेतकऱ्याने तसं म्हटलं होतं अशी वदंता आहे, पण त्याला पुढे गाव सोडून शेजारच्या डकोटात जाऊन राहावं लागलं.

तर हा माणूस दोन कप कॉफी प्यायला, आर्डिसने केलेल्या चॉकलेटच्या वड्या खाल्ल्या, रस्त्यावर आडव्या आलेल्या हरणांबद्दल बोलला, मग "चला, निघतो" म्हणून मांडीवर थाप मारली आणि आणखी अर्धा तास बसला. मग उंबऱ्यात उभं राहून आम्ही त्याच्या गाडीच्या बॅटरीबद्दल बोललो. पायरी उतरता उतरता तो ओशाळून मागे वळला. "तुम्हीच ऑर्लिन हॉगस्टॅड ना? मग हे तुमचं. आधीच द्यायला हवं होतं, पण वड्या इतक्या छान होत्या." असं म्हणून त्याने माझ्या हातात समन्स ठेवलं. मी त्याला थँक यू म्हणालो, आणि तोही मला थँक यू म्हणाला.

समन्सवर लिहिलं होतं, सिल्व्हर हेरन होल्डिंग्ज, वादी, विरुद्ध ऑर्लिन हॉगस्टॅड, प्रतिवादी. क्रेडिट कार्डाचं थकलेलं कर्ज, व्याज आणि खर्च. तीन आठवड्यांत लेखी कैफियत दिली नाही तर एकतर्फी निकाल.

आता मी इथल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. विधेयकाचा कायदा कसा होतो ते मी फळ्यावर बाण काढून, झोपेतसुद्धा सांगू शकतो. पण माणसावर दावा झाला तर त्याने सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे पुस्तकात कुठल्याच धड्यात नव्हतं, आणि कधी कुठल्या पोराने विचारलंही नव्हतं. मला राग येण्याऐवजी एक विलक्षण कुतूहल वाटू लागलं. ही सिल्व्हर हेरन बाई कोण? मी जन्मात कधी तिच्याकडून दमडी घेतलेली नाही.

कर्ज होतं, ते मी नाकारत नाही. बुलहेड तळं गोठलं की त्याच्यावर नेऊन ठेवायची, आत बसून भोकातून मासे धरायची एक खोपटी मी कार्डावर घेतली होती. आत शेगडी, दोन बाकं, खिडकीला पडदा. मार्चमध्ये मी ती ओढून आणायला निघालो तर व्हर्लिन म्हणाला, "अजून आठवडाभर बर्फाला काही होत नाही. मी तळं ओळखतो." खोपटी पडद्यासकट तळ्यात गेली. तळ्याच्या बुडाशी माशांना राहायला दिलेल्या त्या घराचे हप्ते मी पुढे तीन वर्षं निमूट भरले. मग एके दिवशी बँकेने माझा चेक परत पाठवला. हे खातं आता आमच्याकडे नाही, एवढंच लिहिलेलं. कुणाकडे आहे? फोनवरच्या बाईला ते सांगता येईना. मी वाट बघत राहिलो, आणि तेवढ्या वेळात ते कर्ज कुठे कुठे फिरून, व्याज खाऊन दुप्पट होऊन माझ्या दारात आलं होतं.

आर्डिसने समन्स वाचलं आणि खुर्चीत बसली. ती शाळेच्या स्वयंपाकघराची मुख्य. सगळी हयात तिने मोठमोठ्या पातेल्यांपुढे उभं राहून काढली आणि तिचे दोन्ही गुडघे आता रात्री तिला झोपू देत नाहीत. येत्या जूनमध्ये ती निवृत्त होणार होती. तळ्याकाठी बसायला एक हिरवी घडीची खुर्चीसुद्धा तिने घेऊन गॅरेजमध्ये ठेवली होती, वरचं प्लास्टिक न काढता.

"निकाल त्यांच्या बाजूने लागला तर तुझा पगार कापतील?" तिने विचारलं.

"पाव पगार."

"मग जूनचं काही खरं नाही." तिने गुडघ्यावर हात फिरवला. "मुख्याध्यापिका क्विस्टबाई कालच म्हणत होत्या, आर्डिस, एखादं वर्ष थांब. हो म्हणून टाकते."

"एवढ्यात म्हणू नकोस," मी म्हणालो. मला आतून फार वाईट वाटलं. ती खोपटी माझी होती, तळं व्हर्लिनने ओळखलेलं होतं, आणि उभं मात्र आर्डिसला राहावं लागणार होतं.

व्हर्लिन शेजारीच राहतो, त्यामुळे त्याचा सल्ला यायला अंगण ओलांडण्याइतकाच वेळ लागतो. तो त्याच्या बायकोने दिलेलं हॉटडिश घेऊन आला. आमच्या गावात कुणी मेलं, जन्मलं किंवा कोर्टात सापडलं की खिमा आणि मटारावर बटाट्याचे गोळे रचून भाजलेलं हे भांडं शेजाऱ्यांकडून येतं. भांडं बघूनच मला आपलं काही खरं नाही असं वाटायला लागलं.

"हे सगळं बनावट आहे," समन्स दिव्यापुढे धरून व्हर्लिन म्हणाला. "बघ, खटल्याला नंबरच नाही. जागा कोरी सोडलीय. तू कोर्टात जा आणि विचार."

कोर्टाच्या खिडकीमागे कोरीन बसते. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आणि दर रविवारी चर्चच्या गायनात माझ्या शेजारी उभी असते.

"कोरीन, माझ्यावर दावा झालाय."

"अगं बाई! नंबर काय, सर?"

"नंबर नाही."

तिने यंत्रात शोधलं. "हॉगस्टॅड नावाचं एकच प्रकरण आहे. मोकाट कुत्र्याचं."

"ते माझे वडील. म्हणजे कुत्रा वडिलांचा."

"मग तुमच्यावर आमच्याकडे काही नाही."

"तुमच्याकडे नाही, मग कुणाकडे आहे?"

कोरीन सावरून बसली. तिच्या डोक्यावर एक पाटी आहे: कर्मचारी कायदेशीर सल्ला देऊ शकत नाहीत. "सर, तो सल्ला झाला. मला देता येत नाही."

"बरं, मी आता काय करू?"

"तोही सल्लाच."

"घरी जाऊ का?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. "मला वाटतं तोसुद्धा सल्लाच होईल."

"बाहेर बर्फ पडतोय का, एवढं तरी सांगशील?"

"ते सांगते. पडतोय," कोरीन म्हणाली, आणि रविवारी खालचा सूर जरा सांभाळा, हेही म्हणाली. तो सल्ला तिला चालतो असं दिसतं.

मी घरी येऊन कोर्टात दावा नाही असं सांगितलं. व्हर्लिनने विजयी मुद्रेने हॉटडिशचा उरलेला कोपरा ताटात घेतला. "मी तळं ओळखतो," असं त्याने म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. गावात पुढचे दहाबारा दिवस जो भेटेल तो माझं अभिनंदन करत होता. पेट्रोल पंपावरच्या माणसाने तर मला सांगितलं की त्याच्या चुलतभावालाही असंच समन्स आलं होतं, त्यानेही कोर्टात विचारलं, कोर्ट म्हणालं काही नाही, आणि तो निश्चिंत झाला.

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे त्याचा पगार कापायला लागले. पण ते वेगळं काहीतरी असणार."

मला मात्र ते वेगळं वाटेना. त्या कोऱ्या जागेने माझी झोप उडवली. बनावट कागद करणाऱ्या माणसाला एखादा नंबर ठोकून द्यायला काय पैसे पडतात? खऱ्या माणसालाच कोरी जागा सोडण्याचं धाडस होतं. शनिवारी मी गावच्या वाचनालयात कोर्टाच्या नियमांचं पुस्तक काढून बसलो. पुस्तक इतकं नवंकोरं होतं की पानं एकमेकांना चिकटलेली. आणि पहिल्याच प्रकरणात मला ते सापडलं. आमच्या राज्यात दावा कोर्टात सुरू होत नाही. कागद माणसाच्या हातात पडला, की तिथेच, त्याच्या पायरीवर दावा सुरू. कोर्टाला वादी सवडीने कळवतो. कैफियतही द्यायची ती वादीच्या वकिलाला. म्हणजे माझ्यावर दावा होता, पक्का होता, तो फक्त कोर्टात नव्हता. वड्या खाऊन थँक यू म्हणालेल्या त्या माणसाने माझ्या दारातच कोर्ट भरवलं होतं, आणि मी त्यात कॉफी वाढत होतो.

वाचनालयात मी एकटाच मोठ्याने "वा!" म्हणालो. वाचनालयाच्या बाईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं. इतकी वर्षं मी पोरांना न्यायसंस्था शिकवली, आणि तिचा दरवाजा कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली, पण जरा नंतर.

आता कैफियत लिहायची. मुदत संपायला आठवडा उरला होता. समन्ससोबत आलेल्या फिर्यादीतल्या प्रत्येक कलमापुढे कबूल किंवा नाकबूल असं लिहायचं असतं. व्हर्लिन म्हणाला, "सगळं नाकबूल कर. नावसुद्धा."

"नाव कसं नाकबूल करू? टपालपेटीवर लिहिलंय."

"तेच तर. त्यांना सिद्ध करू दे."

माझी अडचण निराळीच होती. एखाद्याला तोंडावर नाकबूल म्हणायचं कसं? मी माझ्या आयुष्यात कुणाला चूक म्हटलेलं नाही. एखाद्याने घराला जांभळा रंग दिला तर आम्ही म्हणतो, "अरे वा, वेगळंच आहे." बस. तेवढ्यावर तो माणूस घर पुन्हा रंगवून घेतो. माझ्या पहिल्या मसुद्यात पहिल्या कलमापुढे मी लिहिलं, "आपलं म्हणणं वाचलं, जरा वेगळं वाटलं." दुसऱ्यापुढे, "तसं असेलही, आपण म्हणता म्हणजे." शेवटी हवापाण्याची चौकशी आणि आभार.

आर्डिसने वाचलं. "यात त्यांना जेवायला बोलवायचं तेवढं राहिलंय."

मग मी माझ्या पद्धतीने करायचं ठरवलं. फिर्यादीची एक जादा प्रत घेतली आणि लाल पेन काढलं. पोराचा निबंध तपासावा तशी ती तपासू लागलो, आणि काय सांगू, हात मोकळा सुटला. "वादी हा कर्जाचा मालक आहे." समासात लिहिलं: कशावरून? "सदर खातं अनेक हस्तांतरणांनंतर वादीकडे आलं." कुणाकुणाच्या? नावं लिही. "एकूण रक्कम खालीलप्रमाणे." पायऱ्या दाखव, नुसतं उत्तर नको. शेवटी सवयीने खाली शेरा मारला: ड. मेहनत कमी. पुन्हा लिहून आण.

तपासून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला खरोखरच यातलं काही माहीत नाही. ही बाई कोण, माझं खातं तिच्याकडे कुठून आलं, आकडा कसा झाला, काहीच नाही. आणि नियमांच्या पुस्तकात त्यालाही जागा होती! माहीत नसेल तर सरळ तसं लिहावं, कायदा ते नाकबूल धरतो. तुम्हाला सांगतो, "मला माहीत नाही" हे वाक्य वर्गात उच्चारायला मी इतकी वर्षं भ्यालो, आणि इथे ते स्वच्छ टाइप करून खाली सही करायची होती. नाव, पत्ता आणि खोपटी मी कबूल केली. बाकी प्रत्येक कलमापुढे लिहिलं: माहीत नाही, कृपया सांगावे. हे "कृपया सांगावे" कायद्याच्या पुस्तकात नाही, पण ते मी मनापासून लिहिलं होतं.

कैफियत टपालात टाकायला दुसरा माणूस लागतो असं मी कुठेतरी वाचलं, म्हणून पाकीट व्हर्लिनकडे दिलं. हे का दिलं असं आर्डिसने मला नंतर अनेकदा विचारलं. टेबलावरचे सगळे कागद गोळा करून, पाकीट जाड दिसलं तर वकील घाबरतो अशा हिशेबाने त्याने सगळेच आत कोंबले.

हे मला कळलं ते फोन आला तेव्हा. आम्ही जेवायला बसलो होतो.

"मिस्टर हॉगस्टॅड? मी पेट्रुची, सिल्व्हर हेरनचा वकील. तुमची कैफियत मिळाली. आणि तुमचा शेराही."

"कसला शेरा?"

"ड. मेहनत कमी."

माझ्या हातातला काटा खाली पडला. मी वाक्य जुळवू लागलो, पण पेट्रुची थांबणारा माणूस नव्हता. तो न्यू जर्सीहून नुकताच इकडे आला होता, आणि तिकडची माणसं श्वास न घेता बोलतात. "मुद्दा पोचला. तुम्ही कच्चे खेळाडू नाही. आपण सरळ बोलू. अर्धे द्या आणि मिटवू."

अर्धे! म्हणजे खोपटीची व्याजाआधीची बाकी. इकडची तिकडची जमवाजमव करून ती भरता आली असती, पगाराला हात लागला नसता, जून वाचला असता. आर्डिसला सगळं ऐकू येत होतं. ती जोरजोरात मान हलवत होती. मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

पण पहिल्यांदाच विचारल्यावर हो कसं म्हणणार? माझ्या तोंडून आपोआप निघालं, "नको, नको, कशाला उगाच."

आर्डिसने टेबलाखालून मला लाथ मारली, दुखऱ्या गुडघ्याच्या पायाने.

"बरं, पाव," पेट्रुची म्हणाला.

आता मी फारच संकटात सापडलो. माणूस दुसऱ्यांदा विचारत होता, तेही पहिल्यापेक्षा भरलेलं ताट पुढे करून. अशा वेळी हो म्हणणं म्हणजे निव्वळ अधाशीपणा. "नको हो, खरंच," मी म्हणालो. "तुम्हाला उगाच त्रास."

"कसला त्रास?" त्याचा आवाज बदलला. "म्हणजे तुम्ही नेमकं काय करणार आहात?"

"काही नाही! मी आपलं सहज."

कागद चाळल्याचा आवाज येऊ लागला. मी हो जिभेवर तयार ठेवून, रिसीव्हर घट्ट धरून बसलो. आर्डिसने डोळे मिटले होते.

"मिस्टर हॉगस्टॅड," तो थकून म्हणाला, "खरं सांगू? माझ्याकडे तुमच्या नावाची एक ओळ आहे. तुम्ही जे विचारलंय त्यातल्या एकाचंही उत्तर माझ्याजवळ नाही. कुणी विचारतच नाही हो हे! लोक उत्तरच पाठवत नाहीत. मी दावा मागे घेतो, लेखी देतो, पुन्हा लावणार नाही. आता तरी चालेल?"

"बरं," मी म्हणालो, "तुम्ही एवढा आग्रहच करताय तर."

खरं म्हणजे मला अजून खूप विचारायचं होतं. ही सिल्व्हर हेरन कुणाच्या मालकीची, ती राहते कुठे, तिने माझं कर्ज कितीला घेतलं. पण पेट्रुचीलाही ते माहीत नव्हतं. मला कळलं तर कळवतो म्हणाला. मग मी त्याला बर्फात गाडी कशी चालवायची ते सांगितलं, गाडीत घोंगडी आणि मेणबत्ती ठेवायला सांगितलं, आणि तो तीनदा "ओके, बाय" म्हणाला तेव्हा कुठे माझा निरोप अर्धा घेऊन झाला होता. लेखी कागद आला त्या दिवशी आर्डिसने त्याला वड्यांचा डबा पाठवला. डबा चाटूनपुसून परत आला. रिकामाच आला, पण तो न्यू जर्सीचा, त्याला कोण सांगणार.

व्हर्लिन गावभर सांगत सुटला की पाकीट त्याने जाड केलं म्हणून दावा पडला. मला त्याच्याशी वाद घालता आला नाही.

जूनमध्ये शाळेच्या जेवणघरात आर्डिसचा निरोप समारंभ झाला. अख्खं गाव कॉफीचे कप घेऊन उभं. भाषणं झाली, आणि क्विस्टबाई कागदात गुंडाळलेली एक भेट घेऊन पुढे आल्या. कागद एका बाजूने फाटला होता, आतून नव्या कोऱ्या एप्रनचा पट्टा लोंबत होता. तो मी पाहिला, आर्डिसनेही पाहिला.

"आर्डिस," क्विस्टबाई म्हणाल्या, "तुझ्या जागी कुणी मिळत नाहीये गं. एकच वर्ष राहशील?"

"नको," आर्डिस म्हणाली. सगळे कौतुकाने हसले.

"अगं, पोरं उपाशी राहतील. एकच वर्ष."

"नको, खरंच नको."

जेवणघरात ऊब आल्यासारखं झालं. लोकांनी टाळ्यांसाठी कप खाली ठेवले. व्हर्लिनने तर वडी तोंडात धरूनच हात मोकळे केले. मी आर्डिसकडे बघत होतो. तिने टेबलाला धरलं होतं, दोन्ही हातांनी, वजन गुडघ्यांवर येऊ नये म्हणून. हा तिसरा प्रश्न किती जड असतो ते मला ठाऊक होतं. मी स्वतः तो कधी पेललेला नाही.

"आर्डिस," क्विस्टबाई एप्रन पुढे करत म्हणाल्या, "एकच वर्ष गं?"

"नको," आर्डिस म्हणाली.

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. कुठेतरी एक कप खाली पडला. क्विस्टबाईंचा हात तसाच पुढे राहिला, कारण तिथून पुढे काय करायचं असतं हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. आर्डिसने तिची पर्स उचलली. "चल, ऑर्लिन," ती म्हणाली, आणि आम्ही निरोप न घेता, उंबऱ्यात न रेंगाळता, सरळ बाहेर पडलो.

गाडीत बसल्यावर तिने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "फार वाईट दिसलं का रे?"

"फारच वाईट," मी म्हणालो. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की किल्ली भोकात जाईना.

"आता डकोटात जावं लागणार."

"आज आधी तळ्यावर जाऊ."

"आत्ता? घरून खुर्ची घ्यावी लागेल."

"मागे आहे," मी म्हणालो. "सकाळीच टाकलीय. प्लास्टिक काढून."